बुगडीचं नख

दार मी आपटलं ते रागानंच. पण कोंबडीचा पाय मध्ये सापडेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. हे नुकतेच ऑफिसला गेले होते. बुगडी स्वयंपाकघरात शिरून परातीतल्या पिठात चोच मारत होती. मी लाटणं घेऊन धावले, ती फडफडत मागच्या दारातून बाहेर पळाली आणि तिच्या मागोमाग मी दार असं लोटलं की भिंतीवरचा आरसा हलला. बाहेरून जो आवाज आला, तो आधी मला कोंबडीचा वाटलाच नाही. कुणीतरी पत्रा फाडावा तसा होता.

"अगं बया! रगात!" मागच्या पायरीवर मिश्री लावत बसलेल्या वन्सं ओरडल्या. "प्रमिले, दार उघड! पाय अडाकलाय तिचा!"

मी दार उघडलं. बुगडी उंबऱ्यावर एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायाचं मधलं बोट रक्तानं माखलं होतं आणि त्याचं नख मुळापासून सुटून एका बाजूला लोंबत होतं. ती पाय टेके, झटकन उचले, पुन्हा टेके. फरशीवर लाल ठिपके पडत चालले होते.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, बायजा. हे तिला अक्का म्हणत. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती जतच्या पुढं खडकेवाडीला गेली. मूल होईना म्हणून तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं तापल्या उलथन्यानं तिची पाठ डागली, तिला घराबाहेर काढलं आणि दुसरी केली. ती माहेरी परत आली तेव्हा हे सात वर्षांचे होते. वर्षभरात तापाच्या साथीत दोघांचे आईवडील गेले. त्यानंतर रस्त्याच्या कामावर खडी फोडून तिनं ह्यांना वाढवलं, मॅट्रिक केलं. ह्यांना धरणावर कारकुनाची नोकरी लागली, वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तेव्हा ती एक गाठोडं आणि डालग्यात चार कोंबड्या घेऊन त्यांच्याबरोबर आली. वर्षभरानं मी लग्न होऊन आले.

तिनं मला कधी छळलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज व्हायला नको. तिचं बोलणं मोठं होतं, दात मिश्रीनं काळे होते, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं असायचं. शेजारच्या ओव्हरसिअरांच्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तुमची मोलकरीण आमच्याकडं भांड्याला येईल का हो?" मी म्हटलं, "विचारून सांगते." ती ह्यांची बहीण आहे, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.

आणि संध्याकाळी ऑफिसातून आले की हे फाटकातूनच हाक मारत, "अक्का!" रोज. दारात मी उभी असले तरी. मग बहीणभाऊ मागच्या पायरीवर बसून चहा पीत आणि मी आत कणीक मळत त्यांचं हसणं ऐके. मला पाचवा महिना लागला होता. वन्संनी वसाहतभर सांगून ठेवलं होतं, "पोर बाळंतिणीनं नुसतं प्यायला घ्यायचं. वाढीवणार मी. हणमाला वाढीवलं तसं." लोक हसत. मी पण हसे.

"तुझा बाप जनावरांच्या दवाखान्यात हुता न्हवं?" वन्सं बुगडीला छातीशी धरून माझ्यासमोर उभ्या होत्या. कोंबडीच्या कानामागं पांढरे ठिपके होते, म्हणून वन्संनी तिचं नाव बुगडी ठेवलं होतं. "कर की काहीतरी. मरंल ती!"

"नखानं कोंबडी मरत नाही," मी म्हटलं. "पण रक्त थांबवलं पाहिजे. आणि बाकीच्या कोंबड्यांत सोडू नका. लाल दिसलं की त्या तिथंच टोचत बसतात. टोचून टोचून मारतील."

माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. लहानपणी मी बैलांच्या खुरांपासून कोंबड्यांच्या तुऱ्यांपर्यंत सगळं बघितलं होतं. मी चुलीवर पाणी कोमट केलं, त्यात मीठ टाकलं. दाढीच्या सामानातला ह्यांचा तुरटीचा खडा घेऊन पाट्यावर फोडला, त्याची बारीक पूड केली. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या. कापूस काढला. कोनाड्यातलं गजराचं घड्याळ आणून समोर ठेवलं.

"तिला फडक्यात गुंडाळा. पंख आत. डोळ्यांवर पदर टाका, अंधार झाला की गप राहते."

वन्सं भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसल्या. बुगडीचा तेवढा एक पाय त्यांनी फडक्याबाहेर काढला. माझ्यासमोर त्यांचे हात होते, खडी फोडून बोटांची पेरं जाड झालेले.

मी पाय कोमट पाण्यात बुडवला. पाणी लगेच गुलाबी झालं. घाण निघाली, तेव्हा नीट दिसलं. बोट मोडलं नव्हतं, नख तेवढं सुटून कातडीच्या एका दोऱ्यावर टिकलं होतं.

"हे कापावं लागेल."

"दुखंल तिला."

"दुखेलच."

मी कात्रीनं तो दोरा तोडला. बुगडीनं सगळं अंग ताठ केलं आणि वन्संनी डोळे मिटून घेतले. रक्ताची धार लागली. मी कापसावर तुरटीची पूड घेतली, बोटाच्या टोकावर ठेवली आणि चिमटीत दाबून धरलं.

"आता दहा मिनिटं दाबून धरायचं. मध्ये सोडलं की परत पहिल्यापासून. हलू नका, वन्सं. तुम्ही हललात तर ती हलेल."

"न्हाई हलत, बाई."

घड्याळात दहाला दहा कमी होते. बाहेर धरणाकडं जाणारे डंपर घरघरत होते. वन्सं हलू शकत नव्हत्या, उठू शकत नव्हत्या, उठून ह्यांच्या ऑफिसात जाऊ शकत नव्हत्या. दोन वर्षांत आम्ही दोघी इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

आदल्या दिवशी, सोमवारी, खडकेवाडीहून पाहुणा आला होता. वन्संच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, ज्ञानू. तो सांगत होता की त्याच्या भावाला अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले. डावी बाजू गेली. दुसरी बायको माहेरी निघून गेली, ती येत नाही. हगण्यामुतण्याचं करायला कुणी नाही. "वैनीनं यावं. शेवटाला लग्नाचीच बायकू. मी बहिणीकडनं जाऊन बेस्तरवारी परत येतो, तवर विचार करा." वन्सं पायरीवरून म्हणाल्या होत्या, "विचार कसला? मेले तरी त्या दारात जायची न्हाई." हे ज्ञानूला म्हणाले होते, "अक्काची मर्जी. तिच्या मर्जीभाईर मी न्हाई."

"वन्सं," मी म्हटलं, "एक सांगू का?"

"सांग की."

"रागावणार नसाल तर."

"तुझ्यावर कशाला रागवू? माझ्या बुगडीला वाचीवतीयास तू." त्यांनी पदराखालून कोंबडीच्या मानेवर बोट फिरवलं.

"तुम्ही खडकेवाडीला जावं, असं ह्यांच्या मनात आहे."

त्यांचं बोट थांबलं. "कुणाच्या?"

"ह्यांच्या. तुमच्या भावाच्या."

"हणमाच्या?" त्या हसल्या. "काय तरीच बोलतीस. काल तुझ्यादेखतच म्हनला की, अक्काची मर्जी."

"पाहुण्यासमोर दुसरं काय म्हणतील? तो गेल्यावर मला म्हणाले. जेवण झाल्यावर. तुम्ही कोंबड्या डालत होता तेव्हा."

बुगडीनं पाय ओढायचा प्रयत्न केला. मी चिमूट घट्ट केली. कापूस लाल होऊन भिजला होता, मी त्यावर दुसरा ठेवला, पण बोट सोडलं नाही.

"काय म्हनला?"

"जाऊ द्या. मी उगाच बोलले."

"न्हाई, सांग. काय म्हनला त्यो? त्याचं बोलणं जसंच्या तसं सांग."

मला वाटलं नव्हतं त्या शब्द मागतील. मला फार विचार करावा लागला नाही. शब्द जणू कुणी माझ्या तोंडात आणून ठेवल्यासारखे तयार होते.

"म्हणाले, अक्कानं माझं केलं हे खरं. पण किती वर्षं फेडायचं? आता माझं पोर येणार, दोन खोल्या, कुठं कुठं पुरा पडू? तिला तिचं घर आहे, नवरा आहे. आता तरी तिनं जावं."

वन्संचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं आणि काळे दात दिसत होते. घड्याळात चार मिनिटं झाली होती.

"माझ्या तोंडावर का न्हाई म्हनला?"

"तुमच्या तोंडावर कसं म्हणतील? तुम्ही त्यांना वाढवलं. जीभ रेटेल का त्यांची? तुम्ही विचारलंत तरी नाहीच म्हणतील. वर रडतील. आणि मनात तेच ठेवून कुढत राहतील." मी कापूस आणखी दाबला. "म्हणून सांगते, त्यांना विचारू नका. माझं नाव तर अजिबात घेऊ नका. मला म्हणाले होते, अक्काला यातलं काही कळता कामा नये."

"न्हाई इचारत."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असलेलं बरं. उद्या त्यांनी तोंड फिरवलं, तर तुम्हाला जास्त लागेल."

"व्हय," वन्सं म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "व्हय. बराबर हाय तुझं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही हात कोंबडीत गुंतले होते, त्यामुळं पुसता येईना. ते गालावरून हनुवटीवर येऊन फडक्यावर पडत होतं. मी पुसलं असतं, पण माझाही हात गुंतला होता.

"पाठ अजून जळतीया गं माझी," त्या एकदम म्हणाल्या. "उन्हाळा आला की. वीस वर्सं झाली, तरी."

"आता तो काय करणार तुम्हाला? अर्धा मेलाय तो."

"त्याचा उजवा हात चालतोय म्हनं."

मी घड्याळाकडं बघितलं. दहा वाजले होते. मी हळूच चिमूट सैल केली, कापूस उचलला.

"थांबलं का रगात?"

"थांबलं."

मी हळद आणि खोबरेल एकत्र करून बोटाला लावलं, त्यावर पट्टी गुंडाळली, दोऱ्यानं बांधली. दोरा फार आवळला तर बोट काळं पडतं, म्हणून खाली काडी सरकेल एवढी जागा ठेवली. वडिलांनी शिकवलं होतं तसं. बुगडीला मोकळं केलं तर ती दोन पावलं लंगडत चालली आणि खाली बसली. वन्संनी तिला डालग्याखाली झाकलं, पाण्याची वाटी सरकवली. मग फरशीवरचं रक्त पुसायला फडकं घेतलं. मी म्हटलं, "राहू द्या, मी पुसते." त्या म्हणाल्या, "तुला वाकायला हुईत न्हाई आता."

संध्याकाळी फाटकातून हाक आली, "अक्का!"

वन्सं आतून बाहेर आल्या. चहाचा कप त्यांनी ह्यांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हणमा, मी जाते बाबा खडकेवाडीला. बेस्तरवारी ज्ञानू येईल त्याच्याबरुबर."

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. परातीतला माझा हात थांबला.

"कुठं जातीस?" हे म्हणाले.

"माझ्या घरी. नवरा हाय माझा. पडून हाय. लोक काय म्हनतील?"

"लोक? आगं, वीस वर्सांत एकदा तरी त्यानं तुझी इचारपूस केली का? काल तर म्हनत हुतीस, मेले तरी..."

"काल येगळं हुतं."

"आज काय झालं?"

"काय व्हायचंय? इचार केला. बाईमाणसाचं शेवटाला तेच घर असतंय."

हे पायरीवरून उठले. "अक्का, खरं सांग. कुणी काय बोललं का तुला?"

मी पाठमोरी होते. तव्यावरची भाकरी फुगली होती, ती मी उलटली नाही.

"कोण बोलतंय मला," वन्सं म्हणाल्या. "माझ्या मनानं चाललेय. तू नगो आडवू. तुझं काम झालं, हणमा. तू सुटलास."

शेवटचे शब्द त्यांनी हसत म्हटले. त्यांना वाटत होतं, भाऊ वरवर अडवतोय, त्याला जास्त ताणायला नको. ह्यांनी ते वेगळंच ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला तो मी मान वळवून बघितला. ज्या बहिणीनं हाताचा पाळणा करून वाढवलं, ती पाठ डागणाऱ्या नवऱ्यासाठी एका दिवसात सोडून निघाली होती, आणि वर म्हणत होती, तू सुटलास.

"बरं," हे म्हणाले. "तुझी मर्जी."

भाकरी करपली. त्या रात्री ती मीच खाल्ली.

सोमवारी ज्ञानू गेल्यावर, जेवण झाल्यावर, हे खरं काय म्हणाले होते ते सांगते. हात धुताधुता म्हणाले होते, "अक्काला त्या नरकात मी जाऊ देणार न्हाई. आणि तूही तिला चुकून काही सुचवू नको. एवढं माझं ऐक." मी मान हलवली होती.

गुरुवारी हे नेहमीपेक्षा तासभर लवकर ऑफिसला गेले. वन्सं आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून फाटकाकडं बघत बसल्या होत्या. ज्ञानू आला, चहा प्याला. एसटीची वेळ झाली. वन्सं दोनदा म्हणाल्या, "कामाचा माणूस. आज काम निघालं आसंल." मी म्हटलं, "हो, साहेब येणार होते."

थांब्यापर्यंत मीच सोडायला गेले. त्यांनी तेच गाठोडं घेतलं होतं. कोंबड्या ठेवून गेल्या. "तिथं कुत्री लई. आन बुगडीचा पाय अजून कच्चा हाय. रोज पट्टी बदलशील न्हवं?"

"बदलीन."

"पोर झालं की कळीव."

"कळवीन."

एसटीत चढताना त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडून म्हणाल्या, "हणमाला म्हणावं, अक्काच्या मनात काय न्हाई!"

संध्याकाळी हे आले. फाटकाशी उभे राहिले, मग न बोलता आत आले. मी विचारण्याआधीच म्हणाले, "काय म्हणाली जाताना?"

"काही नाही," मी म्हटलं. "घाईत होत्या."

बुगडीची पट्टी मी आठ दिवस रोज बदलली. कोमट पाणी, हळद, खोबरेल. बोट सुजलं नाही, पिकलं नाही. दोन महिन्यांत तिथं नवं नख फुटलं, आधी मऊ, पांढरट, मग टणक. माझे वडील आले होते, ते पाय उचलून बघून म्हणाले, "झकास केलंस. दवाखान्यात झालं नसतं इतकं बरं." मी बाळंत झाल्यावर माझी आई राहायला आली. सव्वा महिन्यानं ती म्हणाली, "तुला आता ताकद यायला हवी, एक कोंबडी कापू या का?" मी तिला बुगडी दाखवली. बाकीच्या तिघींपैकी कुठलीही चालली असती.

मुलगा सहा महिन्यांचा झाला तेव्हा आम्ही खडकेवाडीला गेलो. जाऊ या असं मी म्हटलं नव्हतं. एका रविवारी सकाळी हे उठले आणि म्हणाले, "पोराला अक्काच्या मांडीवर घालून येऊ." रस्ताभर त्यांनी मुलाला स्वतःच्याच मांडीवर ठेवलं होतं. जतला उतरल्यावर त्यांनी वन्संसाठी लुगडं घेतलं, हिरवं, मोठ्या काठाचं. मला म्हणाले, "तिनं नुसतं म्हणू दे, ने मला. हीच गाडी परत धरायची. त्याचं काय करायचं ते त्याचा भाऊ बघंल."

वन्सं अंगणात शेणी थापत होत्या. त्यांना मी ओळखलं ते आवाजावरून. अंग निम्मं झालं होतं. डाव्या गालावर हिरवट डाग होता. आत खाटेवर त्यांचा नवरा पडला होता, त्याच्या उजव्या हाताशी वेताची काठी होती. आम्ही आत गेल्यावर त्यानं काठी खाटेच्या कडेवर आपटली आणि वन्सं हातचं टाकून, "आले, आले," म्हणत त्याच्याकडं धावल्या.

मग बहीणभाऊ अंगणात बसले. मी मुलाला घेऊन चौकटीत उभी होते.

"गालाला काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"खाटंवरनं उचलताना त्याचा हात लागला. त्याला कळतंय कुठं?"

"बरी हाईस न्हवं?"

"चांगली हाय की. तू काळजी नगो करू, हणमा." वन्सं हसल्या. "मी काय परत येऊन बसत न्हाई तुझ्या दारात."

हे खाली बघून काडीनं जमिनीवर रेघा ओढत होते. "मी कुठं म्हनतोय तसं."

"तुझ्या मनात नगं ते, म्हणून सांगते. हितंच माझं काय व्हायचं ते हुईल. मी माझ्या घरात हाय."

"व्हय," हे म्हणाले. "आता हेच तुझं घर."

वन्संनी मान हलवली. त्यांना जे ऐकायचं नव्हतं, ते त्यांनी भावाच्या तोंडून ऐकलं. ह्यांचंही तसंच. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसले होते. मी एक वाक्य बोलले असते, तर पुरलं असतं. मुलगा कुरकुरायला लागला, मी त्याला थोपटत राहिले.

निघताना वन्संनी मला शेणींच्या आडोशाला बोलावलं. मुलाचा मुका घेतला आणि लगेच त्याला माझ्याकडं परत दिला, आपल्या हातून त्याला काही लागेल म्हणून भ्याल्यासारखं.

"पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अजून तसंच हाय का गं त्याच्या मनात? का आता निवळलंय? खरं सांग. हितं लई मारतोय गं त्यो. उजव्या हातात लई बळ हाय. हणमाचं मन निवळलं आसंल, तर मी येते. कोपऱ्यात पडून ऱ्हाईन. पोराला हात लावणार न्हाई तुझ्या."

अंगणात हे पिशवी घेऊन उभे होते. लुगडं अजून पिशवीतच होतं.

मी म्हटलं, "थोडा वेळ जाऊ द्या, वन्सं. मीच कळवीन तुम्हाला."

"कळीव हां," त्या म्हणाल्या. "इसरू नगंस."

परतीच्या गाडीत हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. कवठेमहांकाळच्या पुढं आल्यावर म्हणाले, "बघितलंस? इतका मार खातीय, पण एका शब्दानं म्हणाली न्हाई, ने म्हणून."

"बाईला आपलं घर सुटत नाही," मी म्हटलं.

ते लुगडं त्यांनी मला दिलं. मी ते नेसले.

वन्सं आणखी पाच वर्षं जगल्या. हे परत तिकडं गेले नाहीत. दर दिवाळीला ज्ञानूच्या पत्त्यावर पत्र लिहायचे, ते टाकायला माझ्याकडं द्यायचे, आणि मी ते टाकायची. एवढं मात्र मी केलं. पत्रात खुशालीखेरीज काही नसे. वन्संना वाचता येत नव्हतं, उत्तर कधी आलं नाही. मग एका उन्हाळ्यात ज्ञानूचं कार्ड आलं. माती होऊन चार दिवस झाले होते. नवरा तिच्यामागं अकरा वर्षं जगला.

आता ह्यांना पंचाहत्तरावं लागलं आहे. धरण, वसाहत सगळं मागं पडलं, आम्ही सांगलीत मुलाकडं असतो. गेल्या महिन्यात जेवताना सूनबाईनं विचारलं, "बाबा, तुमच्या बहिणीनं तुम्हाला वाढवलं ना? मग त्या शेवटी तुमच्याकडं का नाही राहिल्या?"

ह्यांनी घास खाली ठेवला. "तिच्या मनात न्हवतं," ते म्हणाले. "नवऱ्यानं टाकलेली, डागलेली. तरी तो आजारी म्हटल्यावर मला सोडून गेली. मी वाईट होतो असं न्हाई. पण तिला तोच जवळचा." मग, जणू मी विचारलं होतं तसं माझ्याकडं बघून म्हणाले, "मी आडवलं होतं की न्हाई गं?"

सूनबाई माझ्याकडं बघत होती.

"खूप आडवलं," मी म्हटलं. "मी होते ना तिथं. ऐकलंच नाही त्यांनी."

हे समाधानानं मान हलवून पुन्हा जेवायला लागले. मी त्यांच्या ताटात भात वाढला.